पालावरचं मूल बालगृहात गेलं तर: सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्यासाठी

सिग्नलवर फुगे विकणारं, देवळाबाहेर बसलेलं किंवा एसटी स्टँडवर झोपलेलं मूल पोलिसांच्या गाडीतून गेलं की पालावर, म्हणजे भटक्या कुटुंबांच्या तंबूंच्या वस्तीवर, बहुतेक वेळा एकच निर्णय होतो: आज इथून हला. पारधी, मसणजोगी, गोसावी, वडार, कैकाडी कुटुंबांतली पोलिसांची भीती पिढ्यांची आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने यांतल्या अनेकांच्या पूर्वजांना जन्मतःच संशयित ठरवलं. कायदा १९५२ साली रद्द झाला, ठाण्यातली सक्तीची हजेरी संपली, पण संशय उरला. म्हणून आई ठाण्याची पायरी चढत नाही, बाप गाव सोडतो आणि कागदावर नोंद पडते, ‘पालक मिळून आले नाहीत’. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये या नोंदीला फार वजन आहे. पालक सापडत नाहीत असं ठरलं तर दोन वर्षांपर्यंतचं मूल २ महिन्यांत आणि त्याहून मोठं मूल ४ महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित होऊ शकतं.

कुटुंबाच्या बाजूने उभा राहणारा, पण बाल कल्याण समितीचा (मूल कुठे राहील ते ठरवणारी समिती), पोलिसांचा किंवा बालगृहाचा नसलेला एक माणूस पहिल्या दिवसापासून सोबत असेल तर ही नोंद पडतच नाही. त्याचं काम भाषण करण्याचं किंवा भांडण्याचं नाही. तारखा सांभाळायच्या, कागदाची पोच घ्यायची आणि आईचं म्हणणं तिच्या शब्दांत समितीपुढे पोहोचवायचं, एवढंच त्याला नेटाने करायचं आहे.

पहिले २४ तास

उचललेलं मूल प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं (कलम ३१). समिती बसलेली नसेल तर एका सदस्यासमोरही हजर करता येतं, त्यामुळे ‘आज सुट्टी होती’ हे उत्तर चालत नाही. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारून थेट त्यालाच भेटा. ठाणे दैनंदिनीतला नोंद क्रमांक मागा. ठाण्यात पत्ता लागला नाही तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. ऑपरेशन मुस्कानसारख्या पोलिसांच्या मुलं शोधण्याच्या मोहिमेत एका दिवसात बरीच मुलं आणली जातात आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या बालगृहातही ठेवली जातात, म्हणून एकाच ठिकाणी विचारून थांबू नका.

कोणीच नीट सांगत नसेल तर त्याच दिवशी जवळच्या ठाण्यात मूल हरवल्याची लेखी तक्रार द्या. हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं आहे. या तक्रारीचा दुहेरी उपयोग होतो. मूल दुसरीकडे ‘सापडलेलं’ म्हणून नोंदलं गेलं असेल तर दोन नोंदी जुळतात. शिवाय पुढे कोणी ‘पालकांनी टाकून दिलं’ म्हणालं तर पहिल्याच दिवशीचा शिक्का असलेली ही प्रत सगळ्यात भक्कम उत्तर ठरते.

आईला कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ देऊ नका. दोन कागदांचा धोका खरोखर मोठा आहे. पहिला म्हणजे मूल समितीकडे स्वाधीन करण्याचा दस्तऐवज. ‘काही दिवस संस्थेत राहू द्या, शाळा शिकेल’ असं तोंडी सांगून तो पुढे केला गेला, तर आईला वाटतं आपण वसतिगृहाचा फॉर्म भरतोय. असा अंगठा पडलाच असेल तर फेरविचारासाठी कायदा २ महिने देतो (कलम ३५). त्या मुदतीत ‘मला माझं मूल परत हवं आहे’ असा लेखी अर्ज समितीत पोच घेऊन द्या.

दुसरा कागद म्हणजे जबाब. मुलाला भीक मागायला लावल्याचा गुन्हा कलम ७६ खाली लागतो, शिक्षा ५ वर्षांपर्यंत आहे, आणि मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्यात साथ दिली असेल तर तो माणूस ‘अयोग्य’ मानला जातो. ‘मी पोराला घेऊन भीक मागते’ हे आधीच टाइप केलेलं वाक्य पुढे महिनोन्‌महिने आईच्या विरोधात वाचलं जातं. खोटं अजिबात सांगू नये. मात्र जे घडलं ते पूर्ण लिहिलं गेलं पाहिजे: मूल आईजवळ होतं का, सांभाळायला घरी कोणी होतं का, त्या दिवशी काय विकत होते. या कलमाखाली गुन्हा दाखल झाला असेल तर सहीआधी वकील हवाच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्री, बालक आणि अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न पाहता ही मदत मिळते. फोन १५१००.

आई कोण, हे कसं सिद्ध करायचं

आधार नसलं म्हणजे आईपण संपलं, असं कोणत्याही कायद्यात नाही. तरीही समितीला मूल भलत्याच हाती जाऊ नये याची खात्री करावीच लागते आणि तिची ही काळजी रास्त आहे. म्हणून मिळतील ते कागद गोळा करा: प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, रेशन कार्ड, ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या मुकादमाकडची उचलीची चिठ्ठी, सरपंचाचं पत्र, मोबाइलमधले तारीख असलेले जुने फोटो. यातलं काहीच नसेल तर शेजारच्या दोन पालांतल्या प्रौढांची प्रतिज्ञापत्रं द्या.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. पारध्यांमध्ये काळे, पवार, भोसले, शिंदे, चव्हाण हीच आडनावं पुन्हा पुन्हा येतात. मुलाचं घरचं नाव एक, शाळेतलं दुसरं आणि घाबरून पोलिसांना सांगितलेलं तिसरंच. रजिस्टरमधलं नाव जुळत नाही म्हणून ‘असं मूल इथे नाही’ असं सांगून आईला परत पाठवलं जाऊ शकतं. म्हणून नावावर अडून न राहता ओळखीची पुरवणी यादी द्या: घरचं नाव, शाळेचं नाव, भावंडांची नावं क्रमाने, आजीचं नाव, अंगावरच्या खुणा, गोंदण, जुन्या जखमेचा व्रण, पालावर बोलली जाणारी भाषा. मूल समोर आणण्याआधीच ही यादी समितीच्या हातात द्यावी, म्हणजे ‘बघून सांगितलं’ अशी शंका राहत नाही. डीएनए चाचणी सांगितली गेली तर तसा लेखी आदेश मागा, आणि अहवाल येईपर्यंत भेटीची परवानगी त्याच आदेशात लिहून घ्या. भेटी थांबल्या की मूल तुटतं, आणि मग ‘मूल आईकडे जायला तयार नाही’ असा शेरा येतो.

समितीसमोर

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि महिन्यात किमान २० दिवस बसणं तिच्यावर बंधनकारक आहे. अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर हवेत. आदेशावर किती सह्या आहेत ते नेहमी मोजा.

पहिल्या हजेरीला अर्ज लेखीच द्या, दोन प्रतींत. मजकूर साधारण असा:

‘अर्जदार ही बालकाची आई असून बालकास दि. … रोजी … पोलीस ठाण्याने समितीसमोर हजर केल्याचे समजते. तरी विनंती की (१) हजर करतेवेळचा अहवाल व ताब्याच्या आदेशाची प्रत मिळावी, (२) चौकशी चालू असेपर्यंत बालकाचा ताबा हमीपत्रावर अर्जदाराकडे द्यावा, (३) ते शक्य नसल्यास बालकाची आजी/मावशी/चुलता … यांना योग्य व्यक्ती म्हणून मान्यता देऊन त्यांच्याकडे द्यावा, (४) तोपर्यंत भेटीचे वार व वेळ ठरवून द्यावी, (५) … भाषेचा दुभाषी द्यावा, (६) पुढील प्रत्येक तारीख खालील दोन्ही फोनवर कळवावी.’

खाली अंगठा, आणि ‘अर्जदारास तिच्या भाषेत वाचून दाखवले व समजावून सांगितले’ असं लिहून वाचणाऱ्याची सही. दोन फोन नंबरांपैकी एक तुमचा असू द्या. पालावरचा फोन रिचार्ज संपल्याने बंद असतो आणि तारीख हुकली की ‘पालक गैरहजर’ ही नोंद होते. पोच मिळत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.

तिसरी विनंती गाळू नका. आईकडे लगेच ताबा देणं समितीला जड वाटत असेल तर आजीचा पर्याय बहुधा मान्य होण्यासारखा असतो. या समाजांत आजी किंवा चुलता मूल वाढवतो ही नवलाची गोष्ट नाही, पण समितीला ती सांगावी लागते.

युक्तिवादात एक गाठ आधीच सोडवून ठेवा. ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ या व्याख्येत (कलम २(१४)) घर आणि उपजीविकेचं साधन दोन्ही नसलेलं, भीक मागताना किंवा रस्त्यावर राहताना आढळलेलं मूल येतं. म्हणून ‘आमचं मूल या व्याख्येत बसतच नाही’ असा वाद घालून दिवस घालवण्यात अर्थ नाही, पालावरचं बहुतेक प्रत्येक मूल शब्दशः त्यात बसतं. व्याख्येने फक्त चौकशीचं दार उघडतं. पुढे काय करायचं ते कलम ३ मधली तत्त्वं ठरवतात: मुलाला वाढवण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि मुलाला शक्य तितक्या लवकर कुटुंबात परतण्याचा हक्क. कलम ४० तर बालगृहाचं मुख्य उद्दिष्टच मुलाला कुटुंबात परत पोहोचवणं आहे, असं सांगतं. रस्त्यावर एकटं राहणारं मूल आणि रस्त्यावर आईबापांसोबत राहणारं मूल यांत राष्ट्रीय बाल हक्क आयोगाची कार्यपद्धतीही फरक करते. तो फरक पहिल्याच अर्जात ठळक लिहा.

भाषेबद्दल. पारधी बोली गुजरातीला जवळची, वडारांची तेलुगूला, कैकाड्यांची तमिळला. आईला बाजारापुरतं मराठी येतं, पण ‘तू मुलाकडे दुर्लक्ष करतेस का?’ या प्रश्नाला ती घाबरून ‘हां’ म्हणते आणि ती कबुली ठरते. दुभाष्यांची यादी ठेवणं जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं काम आहे. यादीत ती भाषा नसेल तर त्या समाजातली, पण या कुटुंबाच्या नात्यात किंवा जातपंचायतीच्या वादात नसलेली शिकलेली व्यक्ती सुचवा. स्वतः दुभाषी होऊ नका. बाजू मांडणारा आणि भाषांतर करणारा एकच असला की दोन्हींवरचा विश्वास जातो.

सामाजिक तपासणी अहवाल

केस इथेच जिंकली किंवा हरली जाते. घरची परिस्थिती पाहून लिहिलेला हा अहवाल १५ दिवसांत पूर्ण व्हायचा असतो, म्हणजे पहिल्या हजेरीपासून ४ महिन्यांत अंतिम आदेश देता येतो (कलम ३६). केंद्राच्या आदर्श नियमांत त्यासाठी नमुना २२ आहे. तो आधी मिळवून आईबापांसोबत वाचून काढा, म्हणजे काय विचारलं जाईल ते कळतं. तपासणीला येणाऱ्या कार्यकर्त्याला पाल सापडेल अशी खूण द्या, दिवस ठरवा आणि त्या दिवशी घरातलं मोठं माणूस तिथे हजर ठेवा. दोनदा येऊन पाल रिकामं दिसलं की ‘कुटुंब स्थलांतरित’ असं लिहून अहवाल बंद होतो. हंगामात उसाला किंवा भट्टीवर जायचंच असेल तर जाण्याआधी समितीला पत्र द्या: कोणत्या तारखेला, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, मुकादमाचा फोन, परत कधी. असं पत्र फाइलला असेल तर गैरहजेरीला कारण मिळतं.

अहवाल गोपनीय असतो, त्यामुळे प्रत मिळेलच असं नाही. पण त्याचा सारांश पालकांना कळवण्याचा आणि त्यावर पुरावा देण्याची संधी देण्याचा अधिकार समितीला आहे (कलम ९९). तसा अर्ज करा. सारांश हातात आला की प्रत्येक शेऱ्याला एकच प्रश्न लावा: यात पाहिलेली गोष्ट कोणती आणि ठरवलेली कोणती? ‘झोपडीत दार नाही’ ही पाहिलेली. ‘पालक बेजबाबदार’, ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’, ‘फिरस्ते असल्याने शिक्षण अशक्य’ ही ठरवलेली. गुन्हेगारीच्या शेऱ्याला उत्तर देताना कोणाविरुद्ध, कोणत्या ठाण्यात, कोणता गुन्हा, निकाल काय, असा तपशील मागा. शिक्षणाच्या शेऱ्याला जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं प्रवेश देण्याच्या तयारीचं पत्र जोडा. वयाचा दाखला नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेश नाकारता येत नाही. उपजीविकेच्या शेऱ्याला प्रायोजकत्वाचा, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून मिळणाऱ्या मासिक मदतीचा, अर्ज हे उत्तर आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिना ४,००० रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावं. राज्याची बाल संगोपन योजना वेगळी आहे. ज्या घराला संस्थेच्या खर्चाच्या एका भागात मूल सांभाळता येतं, त्या घरातून मूल काढू नये, हे समितीला आकड्यांत दाखवता येतं.

मूळ गाव बीड किंवा धाराशिवचं आणि कुटुंब पुण्या-मुंबईत, अशा वेळी मुलाला ‘मूळ जिल्ह्यात’ पाठवण्याचा आदेश निघू शकतो (कलम ९५). ऐकायला चांगला, पण आईबाप इथे आणि मूल तिकडे असं होतं. अशी बदली मुलाच्या हिताची असली तरच करायची असते, म्हणून कुटुंब सध्या कुठे आहे ते पुराव्यासह आधीच नोंदवा.

परत द्या असं कधी म्हणू नये

मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलाला विकणं किंवा टोळीला भाड्याने देणं, लहान मुलीचं लग्न लावणं, असं काही दिसलं तर ‘आमच्या समाजाची बदनामी होईल’ म्हणून ते झाकू नये. लैंगिक अत्याचाराची माहिती दडवणं हाही पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. कुटुंबाच्या बाजूने उभं राहणं म्हणजे घरातल्या जबरदस्त माणसाच्या बाजूने उभं राहणं नव्हे. मुलाशी आईबापांसमोर नाही तर वेगळं बोलणं व्हावं, अशी मागणी तुम्हीच करा. धोका एका माणसाकडून असेल तर ते माणूस सोडून बाकीच्या नात्यात मूल राहू शकतं का, ते शोधा. संस्थाच अटळ असेल तर तीन गोष्टी मागा: भावंडं एकत्र, अंतर बसभाड्याला झेपेल इतकं, आणि आपली भाषा बोलायला आडकाठी नाही.

मुलाचा फोटो किंवा नाव व्हॉट्सॲपवर, पत्रकाराला किंवा मोर्चाच्या फलकावर देऊ नका. कलम ७४ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाचं नुकसान होतं ते वेगळंच.

समितीवर लक्ष कोण ठेवतं

आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बालक न्यायालयात अपील (कलम १०१). उशीर झाला तर योग्य कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. प्रतिपालन (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयांवरचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. अपिलावर पुन्हा अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षण होतं, आणि मूल बेकायदा अडकवलेलं असेल तर थेट रिट याचिका करता येते.

तक्रार आदेशाबद्दल नसून वागण्याबद्दल असेल, म्हणजे अर्ज घेत नाहीत, तारीख देत नाहीत, जातीवरून बोलतात, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची. मुलाशी संबंधित कोणीही ही तक्रार करू शकतं आणि दोन्ही बाजू ऐकून आदेश द्यावा लागतो. याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली: जिल्ह्यातल्या बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्ती समितीवर बसू शकत नाही. सदस्यांची यादी आणि संस्थांच्या विश्वस्तांची यादी शेजारी ठेवून एकदा वाचाच. हाच नियम स्वतःलाही लावा. बालगृह चालवणाऱ्या संस्थेकडून पगार घेणाऱ्याने कुटुंबाचा सोबती होऊ नये.

बालगृहातल्या अवस्थेबद्दलची तक्रार जिल्हा निरीक्षण समितीकडे आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाते. निरीक्षण समितीने प्रत्येक संस्थेला ३ महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते, किमान तीन जणांनी, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी.

एकेका केसच्या पलीकडे जिल्ह्याचं चित्र हवं असेल तर माहितीचा अधिकार वापरा. एका मुलाची फाइल मागू नका, ती मिळणार नाही आणि मागूही नये. आकडे मागा: वर्षभरात किती मुलं हजर केली, किती कुटुंबात परत गेली, ४ महिन्यांवर किती प्रकरणं प्रलंबित, किती मुलं दत्तकासाठी मुक्त घोषित, किती दिवस बैठक झाली. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये. म्हणून समितीच्या कामाचा एक आणि निरीक्षण समितीच्या भेटींचा दुसरा, असे दोन अर्ज करा. दर तिमाहीला जिल्हाधिकारी समितीच्या कामाचा आढावा घेतात. तुमची उत्तरं त्याआधी त्यांच्या टेबलावर पोहोचतील असं वेळापत्रक ठेवा.

मूल परत आल्यावर

देखरेखीच्या अटीवर ताबा मिळाला असेल तर गृहभेटीच्या आणि हजेरीच्या तारखा मोठ्या अक्षरांत लिहून पालात लावा, आणि आदल्या दिवशी स्वतः फोन करा. बालगृहातून मुलाची वैयक्तिक काळजी योजना, वैद्यकीय कागद आणि तिथे शाळेत असेल तर दाखला मागून घ्या. नंतर ते मिळवायला फार खेटे पडतात. जन्मनोंद नसेल तर आत्ताच करा. एक वर्षापेक्षा जुन्या नोंदीला आता जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींत, हे जात दाखल्याच्या अर्जात नीट लिहा, चुकीच्या रकान्यामुळे अर्ज परत येतो. समितीच्या आदेशाची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत आईजवळ आणि एक तुमच्याजवळ ठेवा. त्याच सिग्नलवर दुसरी गाडी आली तर आईला पहिल्यांदा तोच कागद दाखवायचा आहे.